गिनी पिग मागचे पाय ओढतोय? आधी त्याच्या वाटीत काय आहे ते बघा

"मामा, ढेमशा लंगडतोय. उचलायला गेलं की किंचाळतो."

भाचीचा फोन आला तेव्हा मी सांगलीत होतो, ती पुण्यात. मी विचारलं, "खायला काय घालतेस?" ती वैतागली. "अहो, पाय दुखतोय त्याचा, पोट नाही!" तरी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आलं ते असं: दुकानदाराने दिलेलं दाण्यांचं मिक्स, म्हणजे ज्वारी, बाजरी, थोडं सूर्यफुलाचं बी, रोज अर्धं गाजर, काकडीच्या चकत्या, आणि ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या मायेपोटी संध्याकाळी पोळीचा तुकडा. गवत? "गवत तो कुरतडून टाकतो, घाण होते, म्हणून बंद केलं." किती दिवस? "दिवाळीच्या आधीपासून. महिना झाला असेल."

मी तिला म्हटलं, पिंजऱ्यातून बाहेर काढू नकोस, पडू देऊ नकोस, आणि आत्ताच्या आत्ता एक ढोबळी मिरची आण.

माझा अधिकार काय, तर मी जनावरांचा डॉक्टर नाही. एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये सव्वीस वर्षं उंदीर, ससे आणि गिनी पिग सांभाळले. गिनी पिगच्या आतड्याच्या तुकड्यावर पोरं हिस्टामीनचे प्रयोग करायची. त्या प्राण्यांचं पुढे काय व्हायचं ते सांगत बसत नाही. जिवंत आहेत तोवर ते धडधाकट ठेवणं माझ्याकडे होतं. रोज सकाळी घासवाला सायकलवर लसूणघासाच्या पेंढ्या टाकून जायचा. एका मे महिन्यात त्याच्या घरी काही झालं आणि अठरा दिवस तो फिरकलाच नाही. आम्ही सगळ्यांना कोरडं खाद्य घातलं. बाकीचं भागेल असं वाटलं. पंधराव्या दिवसाच्या आसपास गिनी पिगांच्या अंगावरचे केस विस्कटायला लागले, जसे पावसात भिजून वाळलेल्या मांजराचे दिसतात तसे. मग ते एका जागी बसून राहायला लागले. दोघांच्या हिरड्यांतून रक्त. शेजारच्या रॅकमधले पांढरे उंदीर तेच खाद्य खाऊन टुणटुणीत होते. ससेसुद्धा.

फरक इतकाच, की उंदीर आणि ससा आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. गिनी पिगच्या शरीरात त्या कामाचं शेवटचं एन्झाइमच चालत नाही. आपलंही तसंच. माणूस, माकड, काही वटवाघळं आणि हा चिमुकला प्राणी, या बाबतीत एकाच पंगतीला बसतात. रोज बाहेरून आलं तर आहे, नाहीतर नाही, कारण साठाही फार दिवस पुरत नाही.

१९०७ मध्ये नॉर्वेमधल्या अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी जहाजांवर होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करायचा म्हणून गिनी पिगांना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला. बेरीबेरी झालाच नाही, झाला तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. उंदीर घेतले असते तर त्यांना काहीच दिसलं नसतं. त्यांच्या प्रयोगातली ती थाळी आणि आपल्याकडच्या पेट शॉपमधलं 'मिक्स' यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

आणि स्कर्व्ही म्हणजे फक्त जुन्या गोऱ्या खलाशांचा रोग असं वाटत असेल तर पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराचा वेढा आठवा. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची पूना डिव्हिजन तिथे अडकली होती, त्यात मराठा पलटणी होत्या. हिरवं काही मिळेना, घोड्याचं मांस बहुतेकांनी धर्मापोटी नाकारलं, आणि हिंदी शिपाई स्कर्व्हीने आडवे झाले. ढेमशाला घोड्याचं मांस कुणी देऊ केलं नव्हतं, पण हिरवं मात्र त्याचंही तुटलं होतं.

ओळखायचं कसं

क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन, म्हणजे अंग धरून ठेवणारं प्रथिन, नीट बांधता येत नाही. गवंडी जसं म्हणतो, विटा जागेवर आहेत पण मधला माल निसटलाय, तसं होतं. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सांध्यांत रक्त उतरतं, हिरड्या सुजतात, दात हलतात. म्हणून प्राणी चालत नाही, आणि उचलला की ओरडतो. हे ओरडणं नेहमीचं नाही. फ्रीज उघडल्यावर तो जी शिट्टी घालतो ती वेगळी. ही तार कापल्यासारखी येते आणि अचानक थांबते.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो. पंचावर ढेमशाला ठेवला आणि हात न लावता पाच मिनिटं नुसतं बघितलं. तुम्हीही आधी तेच करा. तो मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन कुबडा बसला होता. दोन पावलं टाकली ती सशासारखी उडी मारत, कारण एकेक पाय उचलायला दुखत होतं. मग बोटाच्या टोकाने गुडघा चाचपला: पावट्याच्या दाण्याएवढा फुगवटा, दोन्ही बाजूंना. नाकाशी ओलसर. लेंड्या लहान आणि कमी, काही ओल्या. वरचा ओठ अलगद उचलला तर हिरडी जांभळट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ५८८ ग्रॅम. सप्टेंबरात नखं कापायला नेला होता तेव्हाच्या कागदावर ७९० लिहिलेलं होतं. दोनशे ग्रॅम, म्हणजे पाव भाग प्राणी गेला होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. केसांच्या खाली हाडं दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वजनकाटा घ्या. आजारात रोज एकाच वेळी, बरा असताना दर रविवारी.

ही सगळी लक्षणं इतर दुखण्यांतही येतात. मूतखडा, वाढलेले दात, मोडलेला पाय, फुफ्फुसाचा संसर्ग. तेव्हा घरच्या घरी निदान करून मोकळं होऊ नका. पण डॉक्टरकडे जाताना 'तो काय काय खातो' हा कागद लिहून घेऊन जा. भाची आधी ज्या दवाखान्यात गेली होती तिथे कुत्र्यांचाच राबता. तिथे 'पॅरालिसिस असेल' म्हणाले, कॅल्शियमचे थेंब दिले आणि पोटातून द्यायला अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. ते मी द्यायचं थांबवलं. हे पक्कं लक्षात ठेवा: पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. कुत्र्या-मांजराला जे चालतं ते याला चालेलच असं नाही. ससे, गिनी पिग, पक्षी बघणारा डॉक्टर शोधा, मग तो गावाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, दात पाहिले, कागद वाचला आणि तीन दिवस क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. पुढे तोंडावाटे रोज ५० मिलिग्रॅम, शिवाय दुखणं कमी करायचं औषध. निरोगी मोठ्या गिनी पिगला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला त्यातलं वरच्या टोकाचं. आजारात ते ५० ते १०० पर्यंत नेतात, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरनेच ठरवावं. दुखण्याचं औषध तर मुळीच मनाने देऊ नका.

थेंब पाण्यात टाकू नका

ताईने माझ्या आधीच एक उपाय करून ठेवला होता. मेडिकलमधून व्हिटॅमिन सीचे थेंब आणून ते पाण्याच्या बाटलीत घातले होते. हेतू चांगला. पण क जीवनसत्त्व पाण्यात, उजेडात आणि उन्हात भराभर मरतं. वर ताई पाणी भरायची तांब्याच्या हंड्यातून. तांबं तर या जीवनसत्त्वाचं वैरी, त्याच्या सान्निध्यात ते आणखी झपाट्याने नासतं. माणसांनी तांब्याचं पाणी खुशाल प्यावं. थेंब तेवढे त्यात घालू नयेत. शिवाय पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो, म्हणजे दुहेरी नुकसान. आणि त्याने दिवसभरात किती पाणी प्यायलं, किती सांडलं, कसं कळणार? थेंब सिरिंजने थेट तोंडात. आमच्या बाटलीवर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे अर्धा मिलिलिटर. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, प्रत्येकीचं वेगळं असतं.

मल्टिव्हिटॅमिन नको. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं तर अपाय करतं. माणसांची ती नारिंगी, चघळायची ५०० मिलिग्रॅमची गोळीही नको. साखर आणि रंग भरपूर, आणि सहाशे ग्रॅमच्या जिवासाठी तिचा दहावा हिस्सा घरी बरोबर कापून दाखवा मला.

भरवणं

औषधाने पडझड थांबते, उभं राहायला अन्न लागतं. गिनी पिगचं आतडं सतत चालू असावं लागतं. बारा तास काही खाल्लं नाही तर काळजी, चोवीस तास म्हणजे धावपळ. ढेमशा चावत होता, पण दोन घासांत थकून बसायचा. म्हणून भरवायचं ठरलं.

आजारी गिनी पिगसाठी तयार पूड मिळते, डॉक्टरांकडून घ्या. ती येईपर्यंत आम्ही गवताचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, कोमट पाण्यात भिजवून मिक्सरवर फिरवले आणि चहाच्या गाळणीतून काढले, नाहीतर सिरिंज तुंबते. इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल. क जीवनसत्त्व त्यात मिसळायचं असेल तर थंड झाल्यावर, आणि तेही एका वेळी संपेल तेवढ्याच पिठात. आम्ही वेगळंच दिलं, म्हणजे किती गेलं याचा हिशोब राहतो.

जमिनीवर बसा. सोफ्यावरून पडला तर दुखरे सांधे, वर मोडलेलं हाड. जुन्या पंचात अंग गुंडाळा, पुढचे पाय आत, तोंड बाहेर. घट्ट नको, श्वास घेता आला पाहिजे. पाठीवर कधीही झोपवू नका. एक मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज बाजूने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी फट असते तिथून आत न्या. समोरून घशात सोडलंत तर फुफ्फुसात जाईल. दोन-तीन थेंबांएवढंच, मग थांबायचं. जबडा हलतोय का बघायचं. हलला, गिळलं, मग पुढचे दोन-तीन.

पहिल्या रात्री भाचीचा हात थरथरत होता. ढेमशाने पहिले चार घास गालातून बाहेर सोडले, पाचव्याला शिंकला, माझ्या चष्म्यावर हिरवा फवारा. सहावा घास त्याने चावला. आम्ही दोघांनी श्वास रोखून ते चावणं ऐकलं, फार बारीक आवाज असतो तो, कोरडं पान चुरडल्यासारखा. पाच मिलिलिटर द्यायला पंचवीस मिनिटं लागली. दिवसाला सात-आठ वेळा, रात्री एक अलार्म लावून. त्याच्या वजनाला दिवसभरात तीस ते चाळीस मिलिलिटर गेलं तर ठीक, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. भरवून झालं की तोंड ओल्या कापडाने पुसा, हनुवटीखाली वाळलेलं खाद्य राहिलं तर तिथे कातडी खराब होते.

पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून जुन्या चादरीच्या घड्या घाला. पाणी बाटलीतून वर मान करून प्यायला दुखतं, म्हणून उथळ जड वाटीत ठेवा. गवत तोंडापाशी. दोन प्राणी असतील तर दुसऱ्याला लांब नेऊ नका, मध्ये जाळी लावा फार तर. एकटा पडला की हा प्राणी खाणं सोडतो. आंघोळ नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही.

तिसऱ्या दिवशी वजन ५८१. भाची रडली. मी तिला सांगितलं, उतार थांबायलाही दोन दिवस लागतात. पाचव्या दिवशी ५९०. सहाव्या दिवशी तो स्वतः उठून कोथिंबिरीपाशी गेला, कुबड काढतच, पण एकेक पाय टाकत. नवव्या दिवशी ६१८ आणि फ्रीजच्या दाराला पहिली शिट्टी. भरवणं तेव्हापासून कमी करत आणलं. सांध्यांची सूज मात्र महिनाभर राहिली. भूक आठवड्यात परत येते, हाडं-सांधे आपल्या वेळेने येतात, मध्येच 'बरा झाला' म्हणून औषध बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. औषधही एकदम तोडू नका, डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्याने उतरवा.

दात पुन्हा दाखवून घ्या. यांचे दात आयुष्यभर वाढतात. हिरडीची पकड ढिली झाली की वाकडे वाढू शकतात, आणि मग जेवण बंद होण्याचं कारण नव्यानेच उभं राहतं.

रोजच्या वाटीत

सगळ्यात जास्त सुकं गवत, हवं तेवढं, चोवीस तास. टिमोथी मिळालं तर उत्तम, महाग पडतं. ओट्सचं किंवा ऱ्होड्स गवतही चालतं. घाण होते म्हणून गवत बंद करणं म्हणजे घरात खरकटं पडतं म्हणून पोरांना जेवू न घालणं. मात्र सुक्या गवतात क जीवनसत्त्व जवळजवळ उरलेलं नसतं, तेवढ्यावर भागत नाही. ताजी हरळी रोज मूठभर द्या, पण रस्त्याकडेची किंवा सोसायटीच्या फवारलेल्या लॉनवरची नको. कोवळी ज्वारी, म्हणजे कडवळ, अजिबात नको. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते, शेतकऱ्याला विचारा. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. आमच्या कॉलेजातले प्राणी तेवढे जगायचेच नाहीत, म्हणून ते आमच्या लक्षात आलं नाही.

भाजीत राजा ढोबळी मिरची. शंभर ग्रॅम हिरव्या मिरचीत साधारण ८० मिलिग्रॅम, लाल झालेलीत त्याहून बरंच जास्त. मध्यम मिरचीचा चौथा हिस्सा रोज, आणि दिवसाची बरीचशी गरज भागते. कापून ठेवू नका, द्यायच्या वेळी कापा. तुलनेला गाजर बघा, शंभर ग्रॅमला जेमतेम सहा. ससा-गाजराच्या चित्रांनी आपलं फार नुकसान केलंय. पेरूत भरपूर असतं, शंभर ग्रॅमला दोनशेच्या पुढे, पण साखरही असते, म्हणून अंगठ्याएवढी फोड आठवड्यातून दोनदा. आवळा त्याहून श्रीमंत. ढेमशाने वास घेतला आणि पाठ फिरवली, तुमचा खात असेल तर नशीब. कोथिंबीर रोज चार काड्या. पालक क्वचित. कोबीचं पान अर्धं, जास्त घातलं तर पोट फुगतं. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट, दाण्यांचं मिक्स, सगळं बंद. नवी भाजी एकदम ओंजळभर घालू नका, चिमटीने सुरू करा.

पेलेट घेताना पाकीट उलटं करून बनवल्याची तारीख वाचा. क जीवनसत्त्व घातलेलं खाद्यही तीनेक महिन्यांत दमतं, आणि पुण्याच्या एप्रिलात गॅलरीत ठेवलंत तर त्याआधीच. दुकानात मोठ्या पोत्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून देतात ते घेऊ नका, त्याला ना तारीख ना नाव. आणि सशाचं खाद्य हुबेहूब तसंच दिसतं, स्वस्तही असतं. सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, म्हणून ते त्यात सहसा घालतच नाहीत. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दुकानदाराला माहीतच नसणार." नसणारच. त्याच्याकडे प्राणी पंधरा दिवसांत विकला जातो, पुढचं त्याने बघितलेलंच नसतं.

आता भाची दर रविवारी काट्याचा फोटो पाठवते. सहा आठवड्यांनी ७६५ होतं, परवा ८४२ आलं. फोटो मोठा करून पाहिला तर ढेमशाच्या तोंडात मिरचीचा तुकडा, देठासकट. तिला कळवलं, पाच-सहा ग्रॅम वजा धर.